काकवीचा वास

आमच्या घरी भूतबित कोणी मानत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, नाही तं लोक मंग भलतंच समजतात. माहे सासरे, पुनाराम मामाजी, बालाघाटजवळच्या, म्हणजे मध्यप्रदेशातल्या, भरवेलीच्या मँगनीजच्या खदानीतून रिटायर झाले. कॉलनीतल्या बुद्धविहारात वंदना तेच घेतात. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा त्यांले अशा पाठ, की झोपेतून उठवून विचारा, एक शब्द इकडचा तिकडं होणार नाही. कोणाच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली दिसली की सायकल उभी करून भाषण चालू. मामाजींची सायकल येताना दिसली की लोक लिंबू काढून खिशात टाकतात, खोटं नाही सांगत.

अन् मीही काही कमी नाही. मयुरी नाव माहं. बालाघाटच्या कॉलेजातून बी.ए. केलं, अन् तोंडाची फटकळ म्हणून माहेरी-सासरी सारखीच प्रसिद्ध. माहेर-सासर म्हणजे तरी काय, एकच. सासू रुख्माबाई माह्या बापाची सख्खी बहीण, म्हणजे माही आत्या. नवरा महेंद्र माहा आतेभाऊ. आमच्या लोकांत मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. मामाजींनीही आपल्या मामाचीच पोरगी केलती, त्याच ह्या आत्याबाई. लहानपणी ज्याच्या वाहत्या नाकाले मी हसली, त्याले आता 'अहो' कशी म्हणू? आत्याबाई यावरून मले रोज ऐकवतात, अन् मी रोज ऐकत नाही.

खुशी आमची एकुलती. पाच वर्षांची, भलती बडबडी, पण सारी बडबड हिंदीत. कॉलनी हिंदी, शाळा हिंदी, मोबाइल हिंदी. मराठी समजते, बोलत नाही. मले मम्मी म्हणते. आजीनं 'माय म्हण' म्हटलं की नाक मुरडून पळते.

यंदा पोळा झाला अन् कॉलनीत वायरल ताप शिरला. घराघरात लेकरं पडली. शेजारच्या सरिताकाकूचे नातू तं सारेच एका खाटेवर. पण तीन दिवस तापले, चौथ्या दिवशी रस्त्यावर सायकली घेऊन हुंदडायले मोकळे. खुशीलेही आला. डॉक्टरनं पाह्यलं, म्हणे, वायरल आहे, घाबरायचं काम नाही, तापाचं औषध द्या अन् ताकदीचं खाऊ घाला. मंग काय, मी लागली ताकद द्यायले. उकडलेलं अंडं, तुरीच्या डाळीचं पाणी, म्हशीचं दूध. पोरगी तोंड फिरवे, मी नाक दाबून पाजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाटेवरून उठली अन् भिंतीवर जाऊन आदळली. मंग दुसऱ्या भिंतीवर. दोन पाय दोन दिशेले. मले हसू आलं बाप्पा! म्हटलं, खुशीराणी, कुठून पिऊन आली वं? ती हसली नाही. खाली बसली, ओकली, अन् तिथंच आडवी झाली. उचलली तं मान लटकली.

अन् तेव्हाच वास आला.

गुऱ्हाळावर रस कढत कढत लाल होते, फेस बसते, काकवी व्हायले लागते, तेव्हाचा तो वास. गोड, जळका, घशात चिकटणारा. मले वाटलं सरिताकाकूनं चिक्कीचा पाक ठेवला असेल. अंगणात आली. बाहेर काहीच नाही. नाल्याचा वास, खदानीच्या धुळीचा वास, बस. आत आली, तं पुन्हा तोच. खाटेजवळ गेली, तं जास्ती. खुशीच्या केसाजवळ नाक नेलं, मंग कानाजवळ. माह्या पोरीच्या अंगाले काकवीचा वास येऊन राह्यला होता.

आत्याबाई मागच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. सूप घेऊन आत आल्या अन् उंबरठ्यावरच थबकल्या. दोनदा श्वास घेतला. सूप खाली ठेवलं, एक दाणा सांडू न देता. त्यांचं तोंड पाह्यलं अन् मी ओरडायचं विसरली. मले काही विचारलं नाही, लेकराकडं पाह्यलं नाही, सरळ चुलीकडं गेल्या. साखरेचा डबा काढला. गुळाची ढेप काढली. बिस्किटाचे पुडे, फ्रिजातली केळं, दप्तरातलं चॉकलेट. तापाचं औषधही उचललं, काहून की तेही गोड. सारं पदरात बांधलं अन् सरिताकाकूच्या घरी नेऊन ठेवलं.

"आत्याबाई, हे काय लावलं?"

"ती आली," त्या म्हणाल्या. "आता गोडाचा कण घरात नाही पाहिजे."

ती म्हणजे कोण, हे मले माहीत होतं. आमच्या कुळात साऱ्यांले माहीत आहे अन् कोणीच बोलत नाही. लहानपणी माह्या बापाच्या घरीही लेकराले ताप आला की आधी साखरेचा डबा शेजारी जाये. मी समजे, साऱ्यांच्याच घरी जाते.

गोष्ट अशी, की आमच्याच बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या गावात, पणजोबाच्या काळात, मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, गुऱ्हाळ होतं. आमचे लोक तिथं मजूर. त्यातल्याच एकाची पोरगी, एवढीशी, कढईजवळ आली अन् तिनं बोटभर काकवी मागतली. मुकडदमानं हाकलून दिलं. आठवड्यात पोरगी तापानं फणफणली. रात्रंदिवस गोड मागे. घरात दाणा नाही, तं गोड कुठलं? मेली तेव्हा झोपडीभर काकवीचा वास सुटला होता म्हणतात. तेव्हापासून ती आमच्या लेकरांच्या तापासोबत येते. लेकराच्या तोंडानं गोड मागते. दिलं की ठाण मांडते अन् लेकराले घेऊनच जाते. म्हणून द्यायचं नाही. कण नाही, थेंब नाही.

आत्याबाईचे दोन लेकरं असेच गेले. थोरला प्रेमलाल, महेंद्रच्या आधीचा, अन् महेंद्रच्या पाठची एक पोरगी, जिचं नाव ठेवायचंही राहून गेलं. दोघांच्याही वेळी वास आलता. दोघांच्याही वेळी आत्याबाईनं घरात गोडाचा कण ठेवला नव्हता. तरी गेले. तं म्हणे, कुठंतरी फटीत कोणाची साखर सांडून राह्यली असेल.

मी मामाजींकडं पाह्यलं. दारात उभे होते, वास त्यांच्याही नाकात गेलता. म्हटलं, "मामाजी, तुमी तरी बोला काही! तुमी तं मानत नाही ना?"

मामाजींनी चपला घातल्या. "मी विहारात जाऊन येतो," म्हणाले, अन् निघून गेले. सायकलही नेली नाही.

असा संताप आला म्हणता! लोकांच्या लिंबाले भाषण, अन् घरच्या साखरेले पाठ!

महेंद्रले फोन लावला, तो खाली खदानीत, तिथं कुठला टावर. आमच्या गल्लीतला ऑटो सवारी घेऊन लालबर्र्याले गेलता. महेंद्रच्या दोस्ताले, वीरेंद्रले लावला. त्यानं बालाघाटातून मोटरसायकलनं निघतो म्हटलं. "येऊनच राह्यलो वहिनी, तयारी करून ठेवा." तयारी काय करू? पोरगी मांडीवर घेऊन बसली.

दुपारची लाइन गेली होती. पंखा बंद. गल्लीत एरवी एवढा कलकलाट, त्या दिवशी कुत्रंही भुंकेना. सरिताकाकूच्या घराचं दार बंद झालेलं मी पाह्यलं; वास तिथवर गेला असेल, की आत्याबाईनं काही सांगतलं असेल, कोण जाणे. खोलीत तो वास दाटत चालला होता. मी पाणी प्यायली तं पाणीही गोड लागलं. ओठ पुसले, तं हाताले तोच वास.

खुशीनं डोळे उघडले. माह्याकडं नाही पाह्यलं. माह्या खांद्यावरून मागं, जिथं धानाची कोठी आहे त्या कोपऱ्याकडं पाह्यलं, अन् स्वच्छ मराठीत म्हणाली, "मले गोड दे वं माय."

माह्या अंगावर काटा आला. हा आवाज तिचाच होता, पण बोलणं तिचं नव्हतं. तिनं मले जन्मात माय म्हटलं नाही.

आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "ऐकलं? हे तुही पोरगी नाही बोलून राह्यली. तोंडावर पदर धर तिच्या. बोलू नको देऊ."

"बोटभर दे वं," खुशी म्हणाली. मंग हळूच, एखाद्या मैत्रिणीची चुगली करावी तशी, "तिले भूक लागली. तिथं बसली ती."

मी मागं वळून पाह्यलं नाही. खोटं कायले सांगू, मी भ्याली. बी.ए. गेलं, बावीस प्रतिज्ञा गेल्या, मानेवरचे केस उभे. मले पक्कं वाटलं की कोठीजवळ कोणीतरी बसलं आहे, गुडघे पोटाशी घेऊन, अन् माह्याकडं पाहून राह्यलं आहे. पदर खरंच हातात घेतला मी. लेकराच्या तोंडापर्यंत नेला.

अन् मंग मले राग आला. देवा रे, असा राग मले कधी आला नव्हता, अन् मी काही थंड डोक्याची बाई नाही. आत्याबाईचा नाही आला, मामाजींचा नाही, त्या मुकडदमाचाही नाही, साऱ्यांचा मिळून आला. पोरगीच होती ना ती? आमचीच. खुशीएवढी. तिनं मागून मागून काय मागतलं, बोटभर काकवी. ती कोणी दिली नाही, मेली तरी दिली नाही. अन् आमी काय केलं? तिलेच वैरीण केलं. ती दारोदार येऊन राह्यली, अन् आमी साखरेचे डबे लपवून राह्यलो. भूत असो का काही असो, भुकेलं लेकरू घरात बसलं आहे अन् मी पदर घेऊन त्याचं तोंड दाबू?

खुशीले खाटेवर ठेवलं अन् उठली. आत्याबाई दारात आडव्या झाल्या.

"कुठं जातं?"

"साखर आणाले."

"पागल झाली काय तू? खाऊन टाकील ती तुह्या पोरीले!"

"खाऊ द्या. पण माह्या दारातून कोणाचं लेकरू उपाशी नाही जाणार."

त्यांनी माहे दंड धरले. म्हातारी बाई, पण काय जोर! मी ढकललं त्यांले. सासूले, सख्ख्या आत्याले, दोन्ही हातानं ढकललं. त्या भिंतीवर आदळल्या अन् तिथंच बसल्या. मी सरिताकाकूचं दार बडवलं, डबा हिसकला म्हटलं तरी चालेल, अन् पळत आली. गिलासभर पाण्यात मुठीनं साखर घातली, ढवळली, अन् चमच्यानं द्यायले लागली.

खुशीनं तोंड उघडलं. डोळे मिटलेले, पण चमचा ओठाले लागला की तोंड उघडे, गिळे, पुन्हा उघडे. घोटामागून घोट. मी बोलत होती, "घे वं माय, घे, पोटभर घे, कोणी हाकलत नाही तुले." कोणाले म्हणत होती, खुशीले की तिले, मलेच समजत नव्हतं. वास काही कमी झाला नाही. उलट मले वाटलं की तो जवळ आला, खाटेच्या अगदी काठाशी. मी तिकडं पाह्यलं नाही. आत्याबाई भिंतीशी बसून एकच बोलत होत्या, "गेली. आता गेली. दिली तुनं."

वीरेंद्रची मोटरसायकल वाजली तेव्हा गिलास रिकामा झाला होता. बाटलीत आणखी साखरपाणी घेतलं, खुशीले दोघांच्या मधात धरलं, अन् निघालो. रस्ताभर मी तिच्या ओठाले बाटलीचं झाकण लावत होती.

बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, नुकतीच शिकून आलेली दिसे. तिनं खुशीच्या छातीले नळी लावली, मंग थांबली, वाकली, अन् माह्यासारखंच कानाजवळ नाक नेलं. म्हटलं, हिलेही आला वास.

"ये गंध कब से है?" तिनं विचारलं. अन् मंग लगेच, "घर में पहले कोई बच्चा ऐसे बुखार में गया है क्या?"

जन्मात पहिल्यांदा कोणी बाहेरच्या माणसानं हे विचारलं होतं. मी सारं सांगतलं. तिचा चेहरा बदलला. नर्सले हाका मारल्या, सलाईन लावलं, फोन केले, म्हणाली, दूध-डाळ-अंडं काहीच द्यायचं नाही, एक घोट नाही. दिवेलागणीले आमी ॲम्ब्युलन्समध्ये होतो, नागपूरच्या रस्त्यावर, अन् वीरेंद्रनं जाऊन आणलेला महेंद्र खदानीच्या कपड्यांतच माह्याजवळ बसला होता.

नागपूरले रक्त तपासलं, लघवी तपासली. मोठ्या डॉक्टरनं आमाले दोघांले समोर बसवून समजावलं. आजार जन्माचा आहे. अंड्यात, दुधात, डाळीत जे प्रोटीन असते ते पचवून शेवटी जे उरते, ते मोडणारं एक काम खुशीच्या अंगात अर्धवटच होते. एरवी निभावते. पण ताप आला, जेवण तुटलं, की अंग आपलंच मांस मोडून जाळायले लागते, अन् ते उरलेलं सारं रक्तात साचते, डोक्यात चढते. मंग लेकरू झोकांड्या खाते, काहीबाही बोलते, भास होतात. वासही त्याचाच. वायरल तापानं दुसऱ्या लेकराले तीन दिवस खाटेवर ठेवलं असतं; हिले नेलं असतं.

महेंद्र म्हणाला, "म्हणजे खाली खदानीत पाणी रोज झिरपते, अन् आमचा लहान पंप ते उपसत राह्यते. पावसाळ्यात एकदम लोंढा आला की पंप कमी पडते. तसं?"

"अगदी तसं," डॉक्टर म्हणाले. "अन् याचं बिघडलेलं जनुक आईकडून एक, बापाकडून एक, असं दोन्हीकडून यावं लागतं. तुमच्या घरात नात्यातली लग्नं आहेत?"

आमी दोघांनी एकमेकांकडं पाह्यलं अन् मान खाली घातली.

मंग डॉक्टरांनी विचारलं, येण्याआधी घरी काय दिलं होतं. मी भीत भीत साखरपाण्याचं सांगतलं. म्हटलं, आता शिव्या खाणार. ते म्हणाले, "बाई, तेवढंच बरोबर केलंत. अंगाला जाळायला दुसरं काही मिळालं की ते स्वतःचं मांस मोडायचं थांबतं. गोड मागत होती ना ती? अंगच मागत होतं."

तिसऱ्या दिवशी खुशी जागी झाली अन् म्हणाली, "मम्मी, मोबाइल दे ना." मी अशी रडली की वॉर्डातल्या बाया धावत आल्या. तिच्या कानाजवळ नाक नेलं. दवाखान्याच्या साबणाचा वास होता, बस.

त्याच दुपारी मामाजी अन् आत्याबाई गोंदियावरून गाडीनं आले. मामाजी नातीच्या पायाशी बसले, अन् कोणाच्या डोळ्याले डोळा देईनात. आत्याबाई उभ्याच राह्यल्या. खुशीच्या कपाळावरून हात फिरवला. मंग मले म्हणाल्या, "कशानं वाचली?"

मले कळलं की ह्या काय विचारून राह्यल्या. मी त्यांले ढकललं होतं, जिंकलीही होती, पण ते जिंकणं मले नको होतं. म्हटलं, "सलाईननं वाचली, आत्याबाई. इंजेक्शनं लई दिली. मोठे डॉक्टर आहेत हे."

त्यांनी वर टांगलेल्या बाटलीकडं पाह्यलं. टपटप थेंब पडत होते. तेवढ्यात नर्स आली, वर्ध्याकडची, हसऱ्या तोंडाची. आत्याबाईनं तिले विचारलं, "बाई, यात काय असते वं?"

मी नर्सले डोळ्यानं खुणावलं. तिनं पाह्यलंच नाही.

"ग्लुकोज आहे आजी," ती म्हणाली. "साखरेचंच पाणी समजा."

आत्याबाई खाटेच्या काठावर बसल्या. मामाजी उठून त्यांच्याजवळ आले, खांद्याले हात लावायले गेले, त्यांनी तो हात दूर केला.

"प्रेमलालनं मागतलं होतं," त्या म्हणाल्या. "दिवसभर मागतलं. आवाज गेला तं बोट दाखवून मागे. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मले वाटलं, ती मागून राह्यली." त्यांनी आपला उजवा हात उलटा करून पाह्यला, मंग माह्याकडं पाह्यलं.

"मंग मागत कोण होतं वं, मयुरी?"